भेटीला येणारे आणि थांबणारे

लातूर जिल्ह्यात ‘अनाथ मुलं’ म्हटलं की जुन्या माणसांना आजही 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते. गणपतीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी परिसरातली दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. मदत जगभरातून आली. पण पोरक्या झालेल्या मुलांच्या खऱ्या उपयोगी पडले ते थांबलेले लोक. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलं पुण्याला नेऊन शिकवली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. भूकंपानंतरच्या काळातही असे थांबणारे लोक आहेत: औसा तालुक्यातल्या हासेगावला 2007 पासून रवी बापटले ‘सेवालया’त एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळत आले आहेत.

ख्रिस्ती सेवेची महाराष्ट्रातली थोर परंपराही अशीच थांबण्याची आहे. दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली-बायकांना आणलं, केडगावचं मुक्ती मिशन वाढवलं आणि 1922 मध्ये प्राण सोडला तोही तिथेच. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मिशनरी 1898 मध्ये केडगावला आली आणि कित्येक वर्षं तिथे राबली.

आजची ‘मिशन ट्रिप’ बहुधा आठ-पंधरा दिवसांची असते. चर्चमधली तरुण मुलं परदेशातून किंवा मुंबई-केरळातून इथल्या बालगृहांत येतात, भिंती रंगवतात, गाणी शिकवतात, खेळ घेतात. त्यांची कळकळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न मुलाच्या बाजूने बघितल्यावर उभा राहतो.

पाहुणा दारात आला की चार वर्षांचं पोर धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारतं, नाव विचारायच्या आत कडेवर चढतं. पाहुण्याचे डोळे भरून येतात. मुलाला आपला लळा लागला असं त्याला वाटतं. बालमानसशास्त्र वेगळं सांगतं. आपल्या माणसांत वाढलेलं मूल त्या वयात अनोळखी माणसापुढे जरा बिचकतं, आईच्या पदराआड जातं. कुणाच्याही कडेवर सहज जाणारं मूल हक्काच्या एका माणसाला पारखं झालेलं असू शकतं. त्यात दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येऊन जीव लावून निघून गेले, तर ताटातूट त्याच्या अंगवळणी पडते. आपल्याकडे वाढदिवसाला बालगृहात केक कापणाऱ्यांनी आणि फळवाटपाचे फोटो काढणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार तर अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो छापणं गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जगभरातल्या अनाथालयांतल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, असा ‘सेव्ह द चिल्ड्रन’चा 2009 चा अंदाज आहे. मराठवाड्यात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही: बापाची आत्महत्या, ऊसतोडीचं स्थलांतर, आईचं आजारपण. देणग्या आणि पाहुणे इमारतीकडे वळले, की मूलही घराकडून इमारतीकडे सरकतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 मध्ये अनाथालय-पर्यटनाबद्दल चिंता नोंदवली ती याचसाठी.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकत्र येतो. मला तो फार मोलाचा वाटतो. विधवेला उभं केलं, तर तिचं लेकरू बालगृहात जात नाही. राज्य सरकारची बालसंगोपन योजना त्यासाठीच आहे: एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलाला घरीच वाढवण्यासाठी महिन्याला 2250 रुपये. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, शाळेचं बोनाफाईड गोळा करता करता मजुरी बुडते आणि अर्ज राहून जातो.

म्हणून नांदेड-लातूरकडे सेवेला येणाऱ्या मंडळींना विनंती आहे. आधी संस्थेची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी विचारा. तुमची पोलिस पडताळणी मागणारी संस्था निवडा. मुलांना मांडीवर घेण्याऐवजी त्यांना रोज सांभाळणाऱ्या मावश्यांच्या पगाराला हातभार लावा. अठरा वर्षं पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना खोली आणि काम मिळवून द्या. आणि इथल्या वाचकांनो, आपल्या गल्लीत नवरा गेलेली एखादी बाई असेल, तर येत्या आठवड्यात तिच्यासोबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा आणि अर्ज दाखल करून त्याची पोच घेऊनच परत या.