शुक्रवारची चूल, शनिवारचं जेवण

इच्छापोरहून हजीऱ्याकडे गेलं की पुढे सुवाळीचा किनारा. १७व्या शतकात युरोपीय कंपन्यांची मोठी जहाजं इथं नांगर टाकत. कंपन्यांवर लिहायला पुष्कळ जण आहेत. मला कुतूहल आहे ते १८व्या शतकात बगदाद, बसरा, अलेप्पोकडून सुरतेत आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पातेल्याचं. सगळ्यांना मिळून 'बगदादी' म्हणत. बोली अरबी आणि शब्बाथचं जेवण हमीन.

हमीन म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेली कोंबडी आणि तांदूळ. हिब्रूत 'हम' म्हणजे गरम. बगदादेत याच पदार्थाला तबीत म्हणत, म्हणजे रात्र काढलेला. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्यात विस्तव पेटवायचा नाही, रांधायचं नाही. पण गरम जेवण तर हवं! म्हणून पातेलं शुक्रवारीच चढवायचं, निखाऱ्यांवर राख पसरायची, झाकणावर अंडी मांडायची आणि वरून जाड कापडं गुंडाळायची. सकाळी अंडी तपकिरी झालेली असत.

मी आयुष्यभर बॉयलर सांभाळले, त्यामुळे मला यात आधी उष्णतेचा हिशेब दिसतो. राखेमुळे निखाऱ्याला हवा कमी मिळते, तो सावकाश जळतो. आच फार झाली तर तळ करपणार. पातेलं ६० अंशांखाली जाऊन तसंच राहिलं तर अन्न नासायची भीती. ७०-८० अंशांवर तासन्‌तास राहिलं की जून कोंबडीतलं चिवट कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, रस दाटतो. आणि विस्तव विझलाच, तर पुन्हा पेटवायची सोय नाही. सगळं घर गार जेवणार.

सुरतेचा व्यापार ओसरला तशी माणसं हलली. अलेप्पोचा शालोम कोहेन सुरतेहून १७९८ मध्ये कलकत्त्याला गेला. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत उतरला. पुण्याचं लाल देऊळ त्याचंच. पातेल्यात आलं, लसूण, हळद, गरम मसाला शिरला. नियम मात्र तोच, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचाही. ते मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

१९४७ नंतर बहुतेक बगदादी कुटुंबं इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलियाला गेली. तिथं निखाऱ्यांच्या जागी विजेची शेगडी आली. तीही शुक्रवारी सूर्य मावळायच्या आतच चालू करून ठेवायची.