पाणी काढायला तेल

निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीचा घड देठाला धरून उचलतात. मण्याला बोट लागलं की वरची पांढुरकी झाक पुसली जाते, आणि गिऱ्हाइकाच्या लेखी ती झाक म्हणजे ताजेपणाची खूण. त्याच हंगामात बेदाण्याच्या शेडवर मात्र द्राक्षांचे क्रेटच्या क्रेट द्रावणात बुडवतात, आणि तेही याच झाकेचा बंदोबस्त करायला. ही झाक म्हणजे मेण. पाणी आत राखण्यासाठी द्राक्षाने स्वतःच अंगावर चढवलेलं.

राखायचं पाणी तरी किती? 22 ब्रिक्स गोडीची 4 किलो द्राक्षं घेतली, तर त्यांत साखर धरून घन भाग साधारण 880 ग्रॅम. बाकी सगळं पाणी. तयार बेदाण्यात पाणी ठेवायचं ते 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हाती येणार किलोभर बेदाणा, आणि जवळजवळ 3 लिटर पाणी सालीतून बाहेर पडायला हवं. टनभर मालामागे साडेसातशे लिटर! गोडी 18वरच असेल, तर त्याच 4 किलोंचा बेदाणा साडेआठशे ग्रॅमच भरतो. शेडवर माल टाकण्याआधी ब्रिक्स बघतात ते उगाच नाही.

एवढ्या पाण्याला वाट कुठली? पानावर असतात तशी उघडझाप करणारी छिद्रं मण्याच्या सालीवर अगदी मोजकी, आणि मणी वाढता वाढता तीही मेणाने बुजतात. मेणाचा थर केसाहून कितीतरी पातळ. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्याच्या चपट्या पापुद्र्या घरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. त्यात मुख्य असतं ओलियानोलिक आम्ल, पाण्याला अजिबात थारा न देणारं. अशी द्राक्षं नुसतीच उन्हात वाळत घातली तर सुकायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर सालीतली विकरं रंगावर काम करत राहतात आणि बेदाणा तपकिरी होतो.

यावरचा शेडवरचा उपाय ऐकायला उलटाच वाटतो: पाणी बाहेर काढायला तेल लावायचं. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट विरघळवायचं आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे सगळे ज्याला ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात ते, ढवळत ढवळत घालायचं. तेल तरंगत नाही. द्रावण दुधाळ होतं. त्यात क्रेट दोन-चार मिनिटं बुडवून निथळला की घड शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. एकावर एक जाळ्या, वर छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या. पुढच्या काही दिवसांत त्याच द्रावणाचा सौम्य फवाराही देतात. पंधरवड्याच्या आसपास माल उतरवायला येतो.

या दोन-चार मिनिटांत मेण विरघळून गेलं असेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. मेण जवळपास जागच्या जागी राहतं. तेलाचे रेणू पापुद्र्यांच्या फटींत शिरतात, पाण्याला न जुमानणाऱ्या त्या फटींचा स्वभाव पालटतो, आणि आतलं पाणी तिथून झिरपून बाहेरच्या हवेत जातं. गंमत पुढेच आहे. बुडवलेली द्राक्षं पाण्याने स्वच्छ धुतली, तर सुकण्याचा वेग पुन्हा मंदावतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं. उघडलेली वाट परत बंद होते! कॅलिफोर्नियात सोनेरी बेदाण्यासाठी कढत कॉस्टिक सोड्यात द्राक्षं बुडवतात. तिथे सालीला बारीक भेगाच पडतात, आणि पडलेली भेग काही मिटत नाही.

आपल्याकडची ही थंड पद्धत ऑस्ट्रेलियात रुळलेली, तिथे ती भूमध्य समुद्राकाठून गेलेली. तिचा माग तर पार पहिल्या शतकापर्यंत जातो. शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेला या रोमन लेखकाने द्राक्षं सुकवण्याआधी राखेच्या कढत पाण्यात थोडं तेल घालून ती त्यात बुडवायला सांगितलं आहे. लाकडाच्या राखेतला मुख्य विरघळणारा क्षार कोणता? पोटॅशियम कार्बोनेट. ऑलिव्ह तेलात सर्वांत जास्त काय? ओलेइक आम्ल, ज्यापासून इथाइल ओलिएट बनतं. दोन हजार वर्षांत जिन्नस शुद्ध झाले, प्रमाण ठरलं. जोडी मात्र तीच, राख आणि तेल. मेणाच्या पापुद्र्या कुणी पाहण्याच्या कितीतरी आधी ती कुणाला तरी सापडली होती.

महाराष्ट्रात बेदाण्याचं नाव निघालं की आधी तासगाव, सांगली, सोलापूर आठवतं. नाशिकचा जीव ताज्या द्राक्षांत. पण घड साफ करताना गळालेले, खुडलेले मणी पेटीत जात नाहीत. निफाड तालुक्यात उगावसारख्या ठिकाणी अशा द्राक्षमण्यांचेही लिलाव होतात आणि त्यांतला बराच माल बेदाण्याकडे वळतो. दर पडले की चांगले घडही शेडचा रस्ता धरतात. तिथे पैसा रंगाला: सावलीत झटपट सुकला की हिरवा राहतो, गंधकाची धुरी दिली की पिवळा होतो.

तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं की शेडवाल्याच्या पोटात गोळा येतो तो नुसता भिजण्याच्या धास्तीने नव्हे. छप्पर पाऊस अडवेल, दमट हवा कशी अडवणार? द्रावणाने फक्त सालीतली वाट मोकळी केलेली असते. त्या वाटेने आलेलं पाणी उचलून न्यायला कोरडा वाराच लागतो. तो मिळाला नाही तर द्रावण कितीही अचूक असो, माल जाळीवर रेंगाळतो, काळवंडतो, बुरशी धरतो. गळालेला मणी असो की निर्यातीतून परतलेला घड, त्याचा भाव शेवटी त्या दोन आठवड्यांची हवा ठरवते.