चुकलेल्या दानाला फुटलेली गोष्ट

वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे २१ क्रमांकाच्या लेण्यात, शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यातही हाच डाव कोरलेला आहे. दिवाळीच्या पाडव्याला 'द्यूतप्रतिपदा' असं जुनं नाव आहे, ते याच खेळावरून. स्कंदपुराणातल्या कथेत डावाच्या निकालावरून या जोडप्यात तंटा होतो, शंकर रागावून वनात निघून जातात आणि पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना परत आणते. जिंकलं कोण, हे तिथल्या तिथं मिटलं असतं तर भिल्लिणीची कथा सांगायला उरलीच नसती.

पटावरचा वाद आणि त्यातून निघालेली गोष्ट यांचं हे नातं आज एका वेगळ्याच खेळात रोज दिसतं. इंग्रजीत त्याला 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' म्हणतात. मराठीत 'भूमिकाखेळ' म्हणता येईल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. एक जण सूत्रधार होतो. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा पडतो. सोंगट्या असल्या तर असतात, पट असला तर असतो. खरा खेळ बोलण्यात चालतो. हार-जीत अशी नसते. एकच गोष्ट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. तीन पातळ पुस्तिका, १,००० प्रतींची पहिली आवृत्ती. आज त्यातलं खेळाडूंसाठीचं एकटं पुस्तकच ३०० पानांच्या पुढे जातं. इतके नियम कुणालाच तोंडपाठ नसतात, त्यामुळे चुका होतात. पत्त्यांत चूक निघाली की डाव मोडून पुन्हा पिसता येतो. गोष्ट कशी पिसणार?

समजा, लातूरचं एखादं वसतिगृह आहे. चाचणी परीक्षा उरकली आहे आणि शनिवारी रात्री पाच जणांनी एका खोलीत मांडी ठोकली आहे. सूत्रधारानं गोष्टीसाठी कंधारचा किल्ला निवडला आहे, आणि निवड झकास आहे. नांदेड जिल्ह्यातल्या या भुईकोटाभोवती खंदक आहे, गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव आहे, आणि क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे तुटके अवशेषही याच गावात सापडले आहेत. अशा ठिकाणी वेगळं भूत बसवायची गरजच पडत नाही. पहिल्या रात्री खंदकाच्या काठी योद्धा मेला. वैद्यानं लगेच संजीवनीचा मंत्र टाकला, योद्धा उठून बसला आणि खोलीत जल्लोष झाला.

तीन आठवड्यांनी कुणीतरी पुस्तक चाळता चाळता थबकतो. "आरं, ह्या मंतराला तीनशे मोहरांचे हिरे लागतेत की! ते जळून जातेत म्हणे. आपल्याकडं हिरे कुठं होते?"

"काय बोलायलास? मग मी मेलो का जिता हाय?"

नियम खरोखरच तसा आहे. मरून एक मिनिट उलटायच्या आत मंत्र टाकावा लागतो, ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे त्यात खर्ची पडतात आणि उठलेल्या माणसाच्या अंगात जेमतेम धुगधुगी असते. हिरे नव्हते म्हणजे मंत्र लागूच व्हायला नको होता. आणि योद्धा तर गेले तीन आठवडे सगळ्यांबरोबर हिंडतो आहे.

सूत्रधारापुढे दोन सोपे रस्ते आहेत. 'झालं गेलं गंगेला मिळालं, पुढच्या वेळेपासून हिरे मोजू' हा एक. 'नियम म्हणजे नियम, तू मेलास, नवीन पात्र कर' हा दुसरा. पहिल्यात कुणाचं काही बिघडत नाही आणि बऱ्याचदा तोच शहाणपणाचा असतो. दुसऱ्यात तीन आठवडे वाया जातात आणि योद्ध्याचा खेळाडू पुढच्या शनिवारी अभ्यासाचं कारण सांगतो. पण तिसराही एक रस्ता आहे. सूत्रधार पुस्तक मिटून म्हणतो, "बरोबर. तुमच्याकडं हिरे नव्हते. मग त्या रात्री हिऱ्यांची किंमत कुणी भरली?"

आता नियम मोडलेला नाही. तो पाळला गेला होता. फक्त कुणी पाळला, हे कळलेलं नाही. योद्धा कुणाचा तरी देणेकरी झाला आहे, आणि तो सावकार वसुलीला कधी ना कधी येणारच. ज्या आठवड्याला पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं, त्या आठवड्यानं पुढच्या दहा शनिवारांची सोय करून ठेवली.

ही युक्ती कुणा हुशार पोराच्या डोक्यातून अचानक निघालेली नाही. हा खेळच मुळात एका फसलेल्या डावातून जन्मला आहे.

त्या डावाआधी थोडं मागे जाऊ. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशावर खेळायचा युद्धखेळ तयार केला. फासे होते, कोष्टकं होती आणि मध्ये निवाडा करणारा पंच होता. कोष्टकं इतकी किचकट की डाव लढाईपेक्षा लांबायचा. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं सुचवलं की पंच अनुभवी असेल तर कोष्टकं बाजूला ठेवा आणि निकाल त्याच्या अकलेवर सोडा. पंचाला गणित सोडवण्याऐवजी न्याय करायची मुभा इथून मिळाली.

अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली यानं १९६९ साली नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फौजा. खेळाडू अपेक्षेपेक्षा जास्त आले, म्हणून उरलेल्यांना त्यानं गावातली माणसं करून टाकलं. ही माणसं एकेक करून त्याला बाजूला घेऊ लागली, गुपचूप कट शिजवू लागली. फौजा राहिल्या बाजूलाच. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि वेझलीकडे द्वंद्वाचा नियमच नव्हता. त्यानं जागच्या जागी काहीतरी ठरवून वेळ मारून नेली. डाव पार फसला अशी त्याची खात्री झाली होती. खेळाडू मात्र 'पुन्हा कधी?' म्हणून मागे लागले. त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता.

आर्नेसननं पुढे 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग मांडलं. तिथं एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू पिशाच्च झालं आणि इतकं बलाढ्य झालं की ते कुणालाच आवरेना. समतोल बिघडला होता, ही उघड चूक होती. पिशाच्चाची ताकद कागदावर खोडून टाकणं सोपं होतं. त्याऐवजी माइक कार या खेळाडूला पिशाच्चांशी झुंजणारा धर्मगुरू करून मैदानात उतरवलं. त्यातूनच 'क्लेरिक' हा पात्रांचा आख्खा वर्ग तयार झाला. लातूरच्या खोलीत संजीवनीचा मंत्र टाकणारा तो वैद्य याच घराण्यातला.

एकविसाव्या शतकात तर काही खेळांनी हे नियमातच लिहून टाकलं. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दोन साधे फासे टाकायचे. बेरीज १० किंवा जास्त आली की काम फत्ते, ७ ते ९ आली की काम होतं पण काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि ६ किंवा कमी आली की सूत्रधार गोष्टीला नवं वळण देतो. 'काहीच घडलं नाही' असं दानच तिथं नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट, महाभारत, नियमाच्या वादावरच उभी आहे. सभापर्वात द्रौपदीला आणायला प्रातिकामी हा दूत जातो, तेव्हा ती उलट प्रश्न पाठवते: युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? स्वतःला आधी हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का, हा अस्सल नियमाचा मुद्दा आहे. भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचं सांगून निकाल टाळतात. दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण उभा राहून पण बेकायदा ठरवतो, पण त्याला गप्प बसवलं जातं. निकाल लागत नाही, आणि न लागलेल्या निकालाच्या पोटातून अनुद्यूत म्हणजे द्यूताचा दुसरा डाव, बारा वर्षांचा वनवास आणि एका वर्षाचा अज्ञातवास निघतो.

गंमत म्हणजे त्या तेरा वर्षांच्या शेवटीही पुन्हा नियमाचाच तंटा. विराटपर्वात अर्जुन रणात उघडा पडतो आणि कौरवांना वाटतं, मुदत संपायच्या आत सापडला. भीष्म हिशोब मांडतात: दर पाच वर्षांत दोन अधिक महिने धरले तर तेरा वर्षं पुरी होऊन वर पाच महिने बारा रात्री गेल्या आहेत. दुर्योधनाला हे पटत नाही. पंचांग कसं मोजायचं यावरून अडलेली गोष्ट शेवटी कुरुक्षेत्रावर पोचते.

इरावती कर्वे यांनी मात्र 'युगान्त'मध्ये द्रौपदीचं कौतुक केलं नाही. भरसभेत असा कायद्याचा प्रश्न उपस्थित करणं ही तिची मोठी चूक होती, असं त्यांचं मत. त्यांच्याशी सहमत व्हा अथवा नका होऊ, पण टेबलाभोवती बसणाऱ्यांनी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मुद्दा बरोबर असला तरी तो कोणत्या घडीला काढला यावर पुढचं सगळं ठरतं. लढाई ऐन रंगात आली असताना पुस्तक उघडून दहा मिनिटं पानं चाळणारा खेळाडू बरोबर असतो आणि नकोसाही असतो.

खेळ न थांबवता चूक कशी सावरायची, यावर मराठवाड्याकडे स्वतःची तोड आहे. मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-गाढवांच्या बाजाराइतकीच ती तमाशा आणि लावणीसाठी ओळखली जाते. गण, गौळण, बतावणी होऊन वग लागतो, तेव्हा जुन्या फडांत हातात छापील संहिता नसायची. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद जागेवर. एखादा प्रवेश चुकला, राजाऐवजी आधी प्रधानच आला, पगडी सुटून पडली, तर सोंगाड्या ती चूक झाकत नाही. तो ती उचलतो: 'राजे कुठं अडकले? नव्या राणीनं दार लावून घेतलं वाटतं!' झालं, आता वगात नवी राणी आली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदाराच्या भूमिकेत हेच करत. त्या दिवसाच्या बातम्या, समोरचे प्रेक्षक, जे हाताला लागेल ते आत ओढायचं, त्यामुळे एक प्रयोग दुसऱ्यासारखा होत नसे.

सूत्रधारानं सोंगाड्याकडून घ्यायचं ते हेच. पण सरसकट नाही. चूक तिथल्या तिथं, पुढचं दान पडायच्या आत कळली तर सरळ दुरुस्त करावी. दान पुन्हा टाकायला लाजायचं कारण नाही. नंतर कळली आणि त्यानं कुणाचं फारसं काही गेलं नसेल, तर ती वहीत लिहून ठेवून पुढच्या बैठकीपासून नियम बरोबर वापरावा. गोष्टीचं बी पेरावं ते तिसऱ्या प्रकारात: चुकीच्या निकालावर बरंच काही उभं राहिलेलं असतं आणि ते मोडलं तर सगळ्यांचाच हिरमोड होतो.

तिथंही पथ्यं आहेत. चूक सूत्रधाराची असेल तर ती त्यानं आधी मोकळेपणानं कबूल करावी, मग गोष्ट रचावी. 'मी हे आधीच ठरवलं होतं' अशी बतावणी दोनदा चालते, तिसऱ्यांदा खेळाडू ओळखतात. चुकीचा फायदा ज्याला झाला त्याच्याकडून तो हिसकावू नये. त्याचं कर्ज करावं. चुकीचा तोटा ज्याला झाला त्याला आधी विचारावं. पात्र चुकीच्या हिशोबानं मेलं असेल तर 'परत हवंय का?' हा प्रश्न त्या खेळाडूचा असतो. कुणाला मेलेलंच बरं वाटतं, कारण मरण झोकात झालेलं असतं. आणि प्रत्येक चुकीला कथा चिकटवू नये. दर आठवड्याला एक अज्ञात सावकार उगवायला लागला तर सावकारांचीच गर्दी होते.

लहानपणी प्रत्येक गल्लीत एखादा लिंबूटिंबू असायचा. तो आउट झाला तरी आउट नसायचा, आणि हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं; पोरांनी आपसांत ठरवलेलं होतं. आपसांत ठरवलेलं नसताना कुणी तसं केलं की तो रडीचा डाव. नियम दोन्हीकडे मोडतोच. फरक एवढाच की पहिल्या वेळी सगळ्यांना विचारलेलं असतं. म्हणून हिऱ्यांची गोष्ट पुढे न्यायची की नाही, हे सूत्रधारानं एकट्यानं ठरवायचं नसतं.

लातूरच्या त्या खोलीत सूत्रधार चौघांना विचारतो. तिघं लगेच हो म्हणतात. योद्ध्याचा खेळाडू थोडा वेळ वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत बसतो.

"चालतंय," तो म्हणतो. "पर एक सांगू का? खंदकापाशी मी उठलो तवा माझी मूठ मिटलेली होती. मी ती अजून उघडलीच न्हाई."

सूत्रधारानं हे ठरवलेलं नव्हतं. तो वही पुढे ओढतो आणि म्हणतो, "उघड मग."