पेठेतील जुने घर : विकणाऱ्यास व राखणाऱ्यास काही व्यवहाराच्या गोष्टी

संघाच्या स्मरणिकेसाठी धान्यबाजाराच्या तेजीमंदीविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची दरवर्षी मला आज्ञा होते. यंदा त्यांच्या अनुमतीने मी विषय बदलला आहे. अलीकडे दुकानी येणारे सभासदबंधू तुरीचा भाव विचारण्यापूर्वी जागेचा भाव विचारतात. आणि माझ्यावरही गेल्या काही वर्षांत वडिलोपार्जित घर विकण्याचा प्रसंग येऊन गेला. त्यात मी जे शिकलो, व ज्या चुका केल्या, त्या सांगितल्यास कोणाचे तरी नुकसान टळेल, एवढाच हेतू. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आडत्या आहे. तेव्हा हे वाचून वकिलाची पायरी चुकवू नये.

आपल्या बेळगावातील घरांचा बाजार एक नाही, तीन आहेत. पहिला पेठांचा : रविवार पेठ, खडेबाजार, शहापूर, वडगाव. अरुंद दर्शनी भाग, लांबच लांब खोली, पुढे गाळा व मागे संसार. दुसरा टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर येथील बंगल्यांचा व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांचा. तिसरा रामतीर्थनगर, कुमारस्वामी लेआउट अशा ‘बुडा’ने पाडलेल्या वसाहतींचा. या तिन्हींचे ग्राहक निरनिराळे. पेठेतील घर राहण्यासाठी घेणारा आता क्वचितच भेटतो. त्यास मोटार उभी करण्यास जागा हवी, वृद्ध आईवडिलांस जिना नको, आणि सूनबाईंस स्वयंपाकघरात उजेड हवा. पेठेत जो येतो तो गाळ्यासाठी येतो, किंवा शेजारची भिंत पाडून आपली जागा वाढवू इच्छिणारा शेजारीच असतो. उलट, उद्यमबागेतील कारखान्यांत, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात किंवा इस्पितळांत नोकरीस असलेली कुटुंबे सदनिका पाहतात. म्हणून हिंदवाडीत चौरस फुटास अमुक भाव आला, सबब माझ्या पेठेतील घरासही तो यावा, हा हिशेब म्हणजे ज्वारीच्या भावाने हरभरा विकण्यासारखा आहे.

धान्याचे एक बरे असते. रोज सौदा होतो, रोज भाव कळतो. घराचा सौदा गल्लीत वर्षाकाठी एखादा, आणि त्याचाही खरा आकडा घेणारा व देणारा या दोघांनाच ठाऊक. सरकारी मार्गदर्शक मूल्य हे मुद्रांक शुल्काकरिता ठरविलेले असते. तो बाजारभाव नव्हे. कर्नाटकात ते १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढले. नोंदणी शुल्कही ३१ ऑगस्ट २०२५ पासून शेकडा १ वरून शेकडा २ झाले. हा भार घेणाऱ्याचा म्हणून विकणाऱ्याने निश्चिंत राहू नये. घेणाऱ्याच्या खिशात पैसा ठरलेलाच असतो. तो शुल्कात अधिक गेला की घरासाठी तेवढा कमी उरतो.

आता माझी हकीकत. आमचे घर शहापुरात. रुंदी १५ फूट, खोली ९० फूट. म्हणजे सव्वा गुंठ्याला थोडी कमीच. आजोबांनी ते १९३७ साली घेतले, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होते. खरेदीखत मोडीत. त्यानंतर संस्थान विलीन होऊन आम्ही मुंबई राज्यात आलो, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ साली त्याचे नाव कर्नाटक झाले. आणि घराची प्रत्येक नोंद त्या त्या राजवटीच्या भाषेत झाली. मोडी, बाळबोध मराठी, इंग्रजी आणि कन्नड असे चार लिपींतील कागद एका पत्र्याच्या पेटीत होते. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी विकण्याचा विचार नसला तरीही मोडी जाणणाऱ्याकडून त्यांचे लिप्यंतर आजच करून घ्यावे. मोडी सराईतपणे वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

आमच्या मोडी खतात पश्चिमेची भिंत ‘सामाईक’ लिहिली होती. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून ते कळत नव्हते. आम्ही साठ वर्षे ती स्वतःची समजत होतो, आणि शेजारीही ती स्वतःची समजत होते!

परंतु खरी अडचण भिंतीची नव्हती. वडील २००९ साली वारले, आई २०१७ साली. थोरले बंधू त्याआधीच गेले होते. त्यांच्या पश्चात वहिनी व दोन पुतणे. शिवाय आम्हां दोघा भावांना दोन बहिणी, एक कोल्हापूरला व एक हुबळीला. १९९६ साली वडिलांनी साध्या कागदावर घराची व दुकानाची वाटणी आम्हां दोघा भावांत लिहून ठेविली होती. तो कागद माझ्या दृष्टीने वेदवाक्य होता. घेणाऱ्याच्या वकिलांनी तो चष्म्याखाली धरला आणि बाजूला ठेविला. ते म्हणाले, “शेठजी, बहिणींच्या सह्या आणा.”

यातील कायदा प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा असा आहे. हिंदू वारसा कायदा आपणां जैनांसही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, व वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, तो हक्क राहतो असा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी मात्र अबाधित राहते. साध्या कागदाची किंवा तोंडी वाटणी सरकारी दफ्तरात भक्कम पुरावा असल्याखेरीज सहसा टिकत नाही. आमची नोंदलेली नव्हती. स्टॅम्पाचा खर्च वाचविला होता.

मी हुबळीला गेलो. बरोबर बहिणीसाठी पातळ, मुलांसाठी पेढे आणि हक्कसोडपत्राचा मसुदा होता. ती सही करील याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. तिने पातळ ठेवून घेतले, कागद हातात घेतला व म्हणाली, “अण्णा, तू सांगशील तिथे सही करीन. पण आधी मला वाचून दाखव, मी काय सोडते आहे ते.” मी वाचू लागलो. ‘माझा सदर मिळकतीत कोणताही हक्क, हितसंबंध राहिला नाही’ या ओळीपर्यंत आलो आणि माझा आवाज अडखळला. आईच्या अखेरच्या दुखण्यात सात महिने त्याच घराच्या मागील खोलीत हीच बहीण राहिली होती. मी मसुदा घडी करून पिशवीत घातला. पुढे वहिनी, पुतणे व दोन्ही बहिणी यांच्यासह सर्वांनी मिळून खरेदीखत करून द्यावे व रक्कम चार शाखांत सारखी वाटावी असे ठरले. माझ्या वाट्यास अपेक्षेच्या निम्मे आले. एक पुतण्या त्यावर अद्याप नाराज आहे, हेही लपवीत नाही.

व्यवहाराच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडील खरेदीखते कन्नडात होतात, आणि २०२३ पासून ‘कावेरी २’ या संगणक प्रणालीवर मसुदा आधी चढवावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. माझ्या मसुद्यात लेखकाने चतुःसीमा लिहिताना पूर्व व पश्चिम यांची अदलाबदल केली होती. सामाईक भिंत त्यामुळे भलत्याच शेजाऱ्याशी गेली! माझ्या नातवाने कन्नड शाळेत शिकल्याचा उपयोग करून ती चूक नोंदणीच्या आदल्या रात्री पकडली. नोंदणी झाल्यावर कळले असते, तर सर्व सह्या करणाऱ्यांना पुन्हा गोळा करून चूकदुरुस्तीपत्र करावे लागले असते. म्हणून मसुदा ओळ न् ओळ मोठ्याने वाचून घ्यावा. चतुःसीमा तर घरासमोर उभे राहून ताडून पाहाव्यात.

बाकीच्या कागदांचे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाते असल्याशिवाय नोंदणी होत नाही. तेव्हा गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीच ते काढावे, कारण मयताचे नाव खात्यावर असल्यास वारसा लावण्यातच दिवस जातात. बोजाचा दाखला आणावा. पूर्वी काढलेले कर्ज फेडले असले तरी बोजा कमी केल्याची नोंद झाली आहे की नाही ते पाहावे. नुसत्या बॉन्डपेपरावर जागा घेऊन घर बांधलेल्या बंधूंची स्थिती नाजूक आहे. अशा मिळकतींना ‘बी’ खाते देण्याची मोहीम २०२५ साली निघाली, तथापि खाते ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याने मालकी येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. कॅम्पातील जुन्या बंगल्यांत पुष्कळदा इमारत खाजगी व जमीन सरकारची असते; तेथे वकिलास विचारल्याशिवाय इसारसुद्धा घेऊ नये.

इसाराची, म्हणजे आपल्या भागातील संचकाराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या व्यापारात शब्दावर हजारो पोती हलतात. घरात तसे करू नये. संचकारपत्रात रक्कम, मुदत, मुदतीत व्यवहार न झाल्यास इसाराचे काय, आणि ताबा केव्हा, हे चारही लिहावे. रोख रकमेचा मोह टाळावा. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेतल्यास, मग तो इसार का असेना, तेवढाच दंड बसू शकतो. खतात किंमत कमी दाखवूनही लाभ नाही : सरकारी मूल्यापेक्षा ती शेकडा १० हून अधिक खाली गेली की कर सरकारी मूल्यावरच आकारला जातो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा शेकडा १ कापून सरकारात भरतो; ते आपल्या नावे जमा झाले की नाही पाहावे.

नफ्यावरील कराविषयी फार गैरसमज आढळतात. २००१ पूर्वी घेतलेल्या घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्याने धरता येते. मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून ते अधिक धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या मिळकतीस महागाईची वाढ धरून शेकडा २०, अथवा ती न धरता शेकडा १२॥, यांपैकी जो कर कमी तो भरण्याची येथील रहिवाशास मुभा आहे. विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, अगर तीन वर्षांत बांधल्यास, तेवढ्या नफ्यापुरती सूट मिळते. वारस अनेक असतील तर हिशेब ज्याचा त्याने करावयाचा असतो. आमच्या वहिनींनी मुलासाठी सदनिका घेऊन आपला कर वाचविला. मला तसे सुचेपर्यंत माझे पैसे दुकानात गुंतले होते.

ज्यांना घर विकावयाचे नाही, त्यांनी ते रिकामे ठेवू नये. बंद वखारीतील गव्हास जसा किडा लागतो तसे बंद घर आतून जाते. मृगापूर्वी कौले परतून घ्यावीत, पन्हाळी साफ कराव्यात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते व भिंत पोटातून सुटते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत असे गिलावे केलेल्या आमच्या गल्लीतील दोन भिंती बसल्या, चुन्याच्या उभ्या राहिल्या. बळ्ळारी नाल्याच्या बाजूस घर असेल तर त्या वर्षी पाणी कोठवर चढले होते त्याची खूण करून ठेवावी. घरपट्टी एप्रिलमध्ये भरल्यास शेकडा ५ सूट मिळते, ती कोणी का सोडावी?

आणि विकणाऱ्याने दोष लपवू नये. आम्ही गिऱ्हाईकास भर श्रावणात घर दाखविले. माडीवर गळत होते तेथे घमेले ठेविलेले होते, ते मी उचलले नाही. दलाल नंतर माझ्यावर चिडला. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवशी परत आले, म्हणाले की इतर तीन घरांत नवा रंग दाखविला, आपण गळती दाखविलीत. त्यांनी भाव थोडा पाडला, पण मग पुढे कोणतीही खुसपटे काढली नाहीत. सागवानी तुळया व दारे यांची किंमत वेगळी लावावी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. जुन्या लाकडाचा स्वतंत्र बाजार आहे, आणि घर पाडणाराच सहसा तो लाभ घेऊन जातो.

ताबा देण्याच्या दिवशी धाकटी बहीण हुबळीहून आली. देवघरातील प्रतिमा आम्ही आधीच विधिपूर्वक बस्तीत पोहोचविल्या होत्या. तिने मागील खोलीच्या कोनाड्यातील आईचा दिवा काढून घेतला, चारही खोल्यांत केर काढला, आणि किल्ली माझ्या हाती न देता स्वतःच नव्या मालकांच्या पत्नीच्या हाती दिली.