टेक्सासची पोरं जातात कुठे?

१४ मार्च १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघांनी त्या वर्षीचे महाविद्यालयीन खेळाडू निवडायला सुरुवात केली. (इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून, डोक्यावर हेल्मेट चढवून खेळला जाणारा अमेरिकन खेळ.) सर्वांत आधी नाव पुकारलं गेलं बब्बा स्मिथचं. सातवं मेल फारचं, आठवं जीन वॉशिंग्टनचं. तिघंही आग्नेय टेक्सासचे. स्मिथ आणि मेल फार तर एकाच गावचे, बोमॉन्टचे. वॉशिंग्टन ह्यूस्टनजवळच्या बेटाउनच्या शाळेत शिकलेला. देशातल्या पहिल्या आठ जणांत एवढ्याशा टापूतले तीन, आणि त्यांतला एकही टेक्सासमधल्या महाविद्यालयाकडून खेळलेला नव्हता. स्मिथ आणि वॉशिंग्टन पार उत्तरेला मिशिगन स्टेटमध्ये होते, मेल फार लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये.

टेक्सासमध्ये हायस्कूल फुटबॉलचं प्रस्थ किती, हे आधी सांगायला हवं. राज्यात दीड लाखाहून अधिक मुलं शाळेकडून हा खेळ खेळतात. डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचं उपनगर आहे. तिथल्या शाळेने २०१२ मध्ये जवळपास ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उघडलं, तेही मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांमधून. शेजारच्या प्लेनो-फ्रिस्को भागात आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडे जाणारे रस्ते का तुंबतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. एवढी गुणवत्ता पिकली की देशभरचे महाविद्यालयीन प्रशिक्षक शाळांच्या दारात येणारच. मग सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या विद्यापीठाला शब्द देतो. त्याला ‘कमिट’ होणं म्हणतात. हा शब्द तोंडी असतो, फिरवता येतो. सही होते ती बारावीच्या वर्षी, पूर्वी फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी आणि २०१७ पासून बहुतेकांची डिसेंबरातच. टेबलावर चार-पाच विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या असतात. मुलगा त्यातली एक उचलून डोक्यावर ठेवतो आणि समोर बसलेलं गाव टाळ्या तरी वाजवतं, नाही तर हिरमुसतं.

मुलगा परराज्यात गेला की हिरमुसणं ठरलेलं. त्याने मातीशी बेइमानी केली, अशी भाषाही ऐकू येते. मला ती अन्यायाची वाटते. मुलं कुठे गेली याचा नकाशा मांडून बसलं, तर मुलांच्या निष्ठेपेक्षा त्या राज्याने कोणाला दार उघडलं आणि कोणाला नाही, हेच त्यात जास्त स्पष्ट दिसतं.

बोमॉन्ट हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचं, बंदराचं गाव. तिथे कृष्णवर्णीय मुलांच्या दोन शाळा होत्या, शार्ल्टन-पोलार्ड आणि हेबर्ट. गोऱ्यांच्या शाळांशी त्यांना खेळता येत नसे. कृष्णवर्णीय शाळांची वेगळी संघटना होती, प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग. ती १९२० ते १९७० अशी पन्नास वर्षं चालली. शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळांची, म्हणून यांचे सामने बुधवारी किंवा गुरुवारी. मैदान तेच, दिवे तेच, फक्त वार उरलेला. त्या उरलेल्या रात्रींनी काय घडवलं पाहा: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या बोमॉन्टचे डझनभर खेळाडू एकाच वेळी व्यावसायिक फुटबॉल खेळत होते.

बब्बाचे वडील विली रे स्मिथ हे शार्ल्टन-पोलार्डचे प्रशिक्षक. त्यांचे तिन्ही मुलगे उत्तम खेळाडू. थोरला आयोवाला आणि मग कॅन्ससला गेला, मधला बब्बा मिशिगनला, धाकटा टोडी आधी मिशिगनला आणि पुढे कॅलिफोर्नियाला. बब्बाला खरं तर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात खेळायची इच्छा होती. पण राज्यातली मोठी विद्यापीठं ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, होती, तिथे तोवर कृष्णवर्णीय खेळाडूला फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळत नव्हती. एका बापाने आयुष्यभर गावातल्या पोरांना तयार केलं आणि त्याच्या स्वतःच्या पोरांना राज्यात जागा नव्हती, ही गोष्ट मला त्या काळच्या कुठल्याही निकालपत्रकापेक्षा बोलकी वाटते.

मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉगर्टी यांनी नेमकी हीच फट हेरली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना गोऱ्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत प्रवेश नसे. डॉगर्टींनी त्यांच्यासाठी शिबिरं घेतली, ओळखी वाढवल्या. ते प्रशिक्षक मग आपली गुणी पोरं विश्वासाने त्यांच्याकडे सोपवू लागले. जीन वॉशिंग्टनचं नावही डॉगर्टींपर्यंत पोचलं ते विली रे स्मिथ यांच्यामुळेच.

राज्याच्या आतून दार ढकललं ते डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने, म्हणजे एसएमयूने. हेडन फ्राय यांनी १९६२ मध्ये प्रशिक्षकपद स्वीकारतानाच अट घातली की मला कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ द्यावा लागेल. १९६५ मध्ये त्यांनी बोमॉन्टच्याच हेबर्ट शाळेतून जेरी लीवायस याला आणलं. अंगाने लहानखुरा, पायात वीज. आजीने बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची आठवण करून दिली म्हणून त्याने २३ क्रमांकाचा शर्ट घेतला. तो मैदानात उतरला १९६६ मध्ये, आणि त्याच वर्षी एसएमयूने १९४८ नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स जिंकली. पण धमक्यांची पत्रं येत राहिली. १९६८ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू त्याच्या तोंडावर थुंकला. लीवायसने बाहेर येऊन हेल्मेट फेकलं, आता पुरे म्हणाला. फ्राय त्याच्याशेजारी जाऊन बसले, बोलले. थोड्या वेळाने तो उठला, प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू त्याने झेलला आणि ८९ यार्ड धावत थेट पलीकडची गोलरेषा गाठली. सामना तिथेच फिरला.

लीवायसच्या आठवडाभर आधी, सप्टेंबर १९६६ मध्ये, बेलर विद्यापीठाकडून जॉन वेस्टब्रुक मैदानात उतरला होता. त्या कॉन्फरन्समध्ये खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याला कोणी बोलावून आणलेलं नव्हतं. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून संघात दाखल होणाऱ्यांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात, तसा तो आला होता. टेक्सास विद्यापीठाने मात्र १९६९ चं राष्ट्रीय विजेतेपद सर्वस्वी गोऱ्या संघानिशी मिळवलं. असा तो शेवटचा विजेता. पुढच्याच वर्षी सॅन अँटोनियोचा ज्युलियस व्हिटियर त्यांच्याकडून खेळला.

दार उघडलं तशी चढाओढ लागली. टायलरच्या गुलाबमळ्यांत राबणाऱ्या कुटुंबातला अर्ल कॅम्पबेल ऑस्टिनला गेला आणि १९७७ मध्ये हाइझमन करंडकाचा, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या मानाचा, धनी झाला. पुढच्या वर्षीचा हाइझमन जिंकणारा बिली सिम्सही टेक्सासच्या हुक्स गावचा, पण तो खेळला सीमेपलीकडच्या ओक्लाहोमाकडून. मग पैसा आला, टेबलाखालून. १९७९ मध्ये एरिक डिकरसनने टेक्सास ए अँड एमला शब्द दिला, त्याच्या दारात सोनेरी ट्रान्स ॲम गाडी उभी राहिली आणि अखेर सही झाली ती एसएमयूची. गाडी आजीने घेतली, असं तो अनेक वर्षं सांगत होता. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याबद्दल १९८७ मध्ये एसएमयूचा अख्खा हंगाम रद्द झाला. लीवायसला ज्या विद्यापीठाने आणलं, त्याचं नाव आज अनेकांना या शिक्षेमुळेच आठवतं, याची मला खंत वाटते.

आता तोच पैसा टेबलावर आला आहे. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. टेक्सासच्या कायद्याने ती शाळकरी मुलांना नाकारली. साउथलेकचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाली चालवणारा खेळाडू) क्विन युअर्स याने आधी टेक्सासला दिलेला शब्द फिरवून ओहायो स्टेट निवडलं होतं. त्या उन्हाळ्यात तो शाळेचं शेवटचं वर्ष सोडून तिकडे गेला. शाळेत राहिला असता, तर लाखो डॉलरच्या करारांवर पाणी सोडावं लागलं असतं. ओहायोत तो जेमतेम दोन चालींपुरता मैदानात आला, आणि वर्ष संपायच्या आत टेक्सासला परतला. पुढे त्याने संघाला सलग दोन वर्षं राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेलं. त्याने बेइमानी कोणाशी केली? राज्याशी, जिथे तो परतला? की ओहायोशी, जिथे राज्याच्याच कायद्याने त्याला वेळेआधी धाडलं?

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देऊ शकतात. घाम गाळणाऱ्याला मोल मिळावं, यात मला वावगं दिसत नाही. काळजी आहे ती त्याच तडजोडीतल्या दुसऱ्या कलमाची. ती तडजोड मान्य करणाऱ्या विद्यापीठांना फुटबॉल संघात १०५ हून अधिक मुलं ठेवता येणार नाहीत. त्यातच एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणं सोपं झाल्यामुळे प्रशिक्षक शाळेतल्या कच्च्या मुलापेक्षा इतरत्र दोन वर्षं खेळून आलेला गडी पसंत करू लागले आहेत. म्हणजे कात्री लागणार ती न बोलावता येणाऱ्यांच्या जागांना. ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस शाळेचा बेकर मेफील्ड आधी टेक्सास टेकमध्ये आणि मग ओक्लाहोमात असाच वॉक-ऑन म्हणून शिरला आणि २०१७ चा हाइझमन घेऊन बाहेर पडला. बेलरमध्ये जॉन वेस्टब्रुक शिरला तोही याच वाटेने, राज्यातली बहुतेक मोठी दारं त्याच्यासारख्यांसाठी बंद असताना. ती वाट बुजवायला टेक्सासच्या विद्यापीठांनी निदान विरोध तरी करायला हवा होता.