सोळा बिटांची चूक आणि न्हावा-शेवाचे बंदर

संगणकांच्या जाळ्यातून येणारा मजकूर, मग तो शेजारच्या टेबलावरच्या संगणकातील फाइलचा असो, छपाईयंत्राला दिलेल्या हुकुमाचा असो की परदेशातून आलेल्या पत्राचा असो, वापरणाऱ्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, जातो. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, ती केव्हा परत घ्यायची आणि एकाने दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकले तर त्याला कसे अडवायचे, हे सारे अधिकार कर्नेलकडे असतात. साध्या प्रोग्रॅमने आपली हद्द ओलांडली तर कर्नेल त्याला तिथल्या तिथे थांबवते. परंतु खुद्द कर्नेलच चुकले तर त्याच्या वर तपासनीस कोणी नसतो, आणि मग संगणक बंद पडतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, बंद न पडता परक्याच्या ताब्यात जातो.

जाळ्याचे काम पाहणाऱ्या भागावर ही जबाबदारी अधिकच जड पडते, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक बाइट अनोळखी माणसाने पाठवलेला असू शकतो. जाळ्यातून मजकूर छोट्या तुकड्यांनी येतो, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या आरंभी त्याची लांबी लिहिलेली असते, त्या लांबीवर विसंबून कर्नेल मेमरीत तेवढी जागा राखते, तिला बफर म्हणतात, आणि मजकूर त्या बफरमध्ये उतरवून घेते. लिहिलेली लांबी खोटी असली, किंवा खरी असूनही हिशेबात घोटाळा झाला, तर मजकूर बफरच्या पलीकडे सांडतो आणि शेजारी ठेवलेली, कर्नेलच्या दृष्टीने मोलाची, माहिती पुसून तेथे पाठवणाऱ्याचा मजकूर बसतो. सी या भाषेत, जिच्यात विंडोज आणि लिनक्स या दोहोंचे गाभे मुख्यतः लिहिलेले आहेत, अशा हद्दीची तपासणी आपोआप होत नाही. ती लिहिणाऱ्याने स्वतः करायची असते. ही सवलत वेगासाठी घेतलेली आहे, आणि तिची किंमत किती हे २०१७ साली रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवाच्या बंदराने पाहिले.

विंडोजमध्ये एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्याला वापरू देण्यासाठी एसएमबी नावाची पद्धत असते आणि तिचा फाइली पुरवणारा भाग कर्नेलच्या आत चालतो. या पद्धतीची पहिली आवृत्ती जुनी. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलता यावे म्हणून तिच्यात एक दुभाषी भाग ठेवलेला होता. ओएस/२ मध्ये फाइलीला काही जादा माहिती जोडता येत असे. त्या माहितीची यादी जुन्या मांडणीत आली की ती विंडोजच्या नव्या मांडणीत उतरवणे, एवढेच या भागाचे काम. ओएस/२ व्यवहारातून जवळपास नाहीशी झाली, तरी हा दुभाषी प्रत्येक विंडोज संगणकात ताटकळत उभा राहिला, आणि चूक नेमकी त्याच्याच हिशेबात होती.

यादीच्या आरंभी तिची एकूण लांबी लिहिण्यासाठी चार बाइट, म्हणजे बत्तीस बिट, ठेवलेले असतात. यादीतल्या सगळ्याच नोंदी धड नसतील हे गृहीत धरून कर्नेल आधी धड नोंदी मोजते, त्यांना पुरेल एवढी जागा राखते आणि मूळ लांबीच्या जागी ही सुधारलेली, अर्थातच कमी, लांबी लिहून ठेवते. दोष असा की सुधारलेली लांबी लिहिताना चारांपैकी फक्त खालचे दोन बाइट बदलले जात आणि वरचे दोन पूर्वीसारखेच राहत. उदाहरणादाखल, पाठवणाऱ्याने यादीची लांबी ६५,५३६ सांगितली असे धरले तर ही संख्या वरच्या दोन बाइटांत एक आणि खालच्या दोन बाइटांत शून्य अशी साठवली जाते. धड नोंदींची लांबी ६५,००० भरली की खालच्या शून्याच्या जागी ६५,००० लिहिले जातात, वरचा एक तसाच राहतो, आणि दोन्ही मिळून वाचताना आकडा होतो १,३०,५३६. कमी व्हायची ती लांबी जवळजवळ दुप्पट झाली. जागा राखली गेली लहान आकड्याप्रमाणे आणि मजकूर उतरवला गेला मोठ्या आकड्याप्रमाणे. उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडला. एवढी लांब यादी या वाटेने आत येऊ शकली याला हुकुमांच्या प्रकारांत गल्लत करणारी दुसरी एक चूक कारण होती, पण मुख्य भोक हेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने हे भोक गुपचूप हेरून त्यावर ‘इटर्नलब्लू’ नावाचे हत्यार घडवले होते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने ते हत्यार जगजाहीर केले. या ठिकाणची दुरुस्ती दोन बाइटांऐवजी चार बाइट लिहिण्याइतकीच होती. दुरुस्तीचा आकार आणि नुकसानीचा आकार यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, हे या क्षेत्रातल्या माणसांना ठाऊक असते. बाहेरच्यांना मात्र ते पटवून द्यावे लागते, आणि संगणक पुन्हा चालू करायला सांगणाऱ्या अद्ययावतीकरणाच्या सूचना ‘नंतर’ म्हणून पुढे ढकलल्या जातात त्या याच गैरसमजापायी.

दुरुस्ती निघून दोन महिनेही झाले नव्हते तोच, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्यानंतर २७ जूनला आला तो ‘नॉटपेट्या’. युक्रेनमध्ये हिशेबनिसांच्या वापरात असलेल्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून तो शिरला आणि त्या देशात कारभार असलेल्या कंपन्यांच्या जाळ्यांतून, याच भोकाचाही आधार घेत, काही तासांत देशोदेशी गेला. डेन्मार्कची ए. पी. मोलर-मर्स्क ही जहाजकंपनी त्यांपैकी एक होती, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल याच समूहाच्या ताब्यात होते. मे १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून देशाच्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा वाटा जातो. टर्मिनलची संगणकव्यवस्था बंद पडली तेव्हा क्रेन जागेवर होत्या, जहाजे जागेवर होती, माणसेही होती. कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कोठे जायचा, एवढेच कळेनासे झाले. बंदराच्या कामात तेवढेच पुरेसे होते. काम हाताने, कागदावर करण्याची पाळी आली आणि त्याची गती अर्थातच मंदावली.

युक्रेनमधली आग रायगडच्या किनाऱ्याला कशी लागली, याचा उलगडा याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे, विजयदुर्गच्या खाडीत, त्याच्या २६१ वर्षे आधी घडलेल्या एका प्रसंगाने चांगला होतो. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने डागलेला एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच हस्तगत केलेले होते. त्याने पेट घेतला आणि किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांलगत बांधलेल्या गुराबा-गलबतांतून आग पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ला दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या हाती पडला. मर्स्कच्या जाळ्यातले संगणकही असेच एकमेकांना बांधलेले होते. जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. सगळ्या जाळ्याची ओळखपाळख ज्या सर्व्हरांवर ठेवलेली होती त्यांपैकी एकच, घानामधला, वाचला, तोही त्या वेळी तेथली वीज गेलेली होती म्हणून. विजेच्या लपंडावाचे असे कौतुक कोकणातल्या वाचकाला क्वचितच करावेसे वाटेल.

नॉटपेट्याचे सगळे पाप मात्र सोळा बिटांच्या माथी मारणे बरोबर नाही. तो एका संगणकात शिरला की तेथल्या मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलत असे आणि त्यांच्या बळावर दुरुस्ती बसवलेल्या संगणकांतही घुसत असे. म्हणजे ज्या कंपनीने नव्वद टक्के संगणक दुरुस्त केले तिलाही उरलेले दहा टक्के नडू शकत होते. कर्नेलमधली चूक दुरुस्त झाली असे म्हणायचे ते जाळ्यातल्या शेवटच्या संगणकावर दुरुस्ती पोहोचल्यावर, आणि हे काम ओळ बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

ओळ बदलण्याआधी ती सापडावी लागते, हीही सोपी गोष्ट नव्हे. मेमरीच्या चुकीचा स्वभावच असा की ती घडते एका ठिकाणी आणि संगणक कोसळतो दुसऱ्याच ठिकाणी, कधी बऱ्याच वेळानंतर. पुसली गेलेली माहिती कोणी वाचायला जाईपर्यंत काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. म्हणून २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यात ‘केसॅन’ नावाची तपासणीची सोय आहे. ती चालू केली की मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्यासाठी राखला जातो आणि त्या आठांपैकी कोणते वापरायला मोकळीक आहे याची नोंद तेथे राहते. प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी ही नोंद पाहिली जाते, त्यामुळे हद्द ओलांडल्याक्षणीच चूक पकडली जाते. यामुळे संगणक बराच मंद होतो, म्हणून ही सोय प्रयोगशाळेत वापरतात, कचेरीत नव्हे. तिच्या जोडीला गूगलच्या अभियंत्यांनी केलेला ‘सिझकॉलर’ हा प्रोग्रॅम असतो, जो कर्नेलला रात्रंदिवस चित्रविचित्र, कोणी शहाणा माणूस कधी देणार नाही असे, हुकूम देत राहतो.

याच जोडीने फेब्रुवारी २०१७ मध्ये, इटर्नलब्लूची दुरुस्ती निघण्यापूर्वी काही आठवडे, लिनक्समधली एक चूक उजेडात आणली, ती २००५ पासून, म्हणजे सुमारे बारा वर्षे, तेथे पडून होती. लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेटसोबत एक गणती असते: पॅकेट किती जणांना हवे आहे याची. ज्याचे काम झाले त्याने गणती एकाने उतरवायची, आणि ती शून्यावर आली की पॅकेटची मेमरी मोकळी करायची, असा शिरस्ता आहे. डीसीसीपी या जोडणीच्या पद्धतीत एका ठिकाणी हा शिरस्ता मोडून, गणती न पाहताच, पॅकेट मोकळे केले जात होते. दुसऱ्या भागाने ते पुढे वापरण्यासाठी जपून ठेवले असले तरीही. मग दुसरा भाग आपल्या वेळी ते पुन्हा मोकळे करी, आणि मधल्या काळात ती जागा तिसऱ्याच कोणाला दिलेली असे. दुरुस्ती पुन्हा तेवढीच लहान: परस्पर मोकळे करणाऱ्या वाटेने जाण्याऐवजी गणती उतरवणारी ओळ.

डीसीसीपी फारसे कोणी वापरतच नव्हते. ओएस/२ चा दुभाषीही कोणी वापरत नव्हते. जी वाट रोजच्या वहिवाटीची असते तिच्यातल्या खाचा लवकर लक्षात येतात. जुन्यांची सोय म्हणून राखून ठेवलेल्या आडवाटेवर मात्र हल्लेखोराखेरीज कोणी फिरकत नाही. तेव्हा अशा चुकांवरचा उपाय म्हणून तपासणी वाढवण्याइतकेच महत्त्व वाट बुजवण्याला दिले पाहिजे. नवी वाट निर्दोष असते असेही नाही, कारण मार्च २०२० मध्ये एसएमबीच्या तिसऱ्या आवृत्तीत, दाबून लहान केलेला मजकूर उलगडण्याच्या अगदी नव्या भागात, दोन लांब्यांची बेरीज आकड्यात न मावण्याची जवळपास तशीच चूक निघाली. परंतु ती नव्या सोयीची किंमत होती, कोणाला नको असलेल्या सोयीची नव्हे. मेमरीची हद्द भाषाच सांभाळते अशा रस्ट भाषेत कर्नेलचे काही भाग लिहिण्याची मुभा लिनक्सने डिसेंबर २०२२ पासून दिली आहे, मात्र जुन्या सी भाषेतल्या कोट्यवधी ओळी तशाच राहणार आहेत.

२०२५ साली डीसीसीपीचा भागच लिनक्समधून काढून टाकण्यात आला. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या संगणकावर आपोआप बसत नाही. पण ती मागे ठेवलेली आहे, आणि विंडोजच्या सोयींच्या यादीत एका चौकटीवर खूण केली की परत येते. कागद स्कॅन करून थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्या जुन्या झेरॉक्स यंत्रांना हीच आवृत्ती लागते, त्यामुळे यंत्र बंद पडले म्हणून बोलावलेला दुरुस्तीवाला पुष्कळदा ती खूण करून, स्कॅन नीट येते आहे एवढे दाखवून, आपले पैसे घेऊन जातो.