मनिऑर्डरीचा पाश

आम्हां कोल्हापूरकरांना आपल्या चित्रपटांचा अभिमान अंमळ अधिकच. बाबूराव पेंटरांचे नाव निघाले की चहा निवून जातो, पण गोष्टी संपत नाहीत. अशा गावात राहून त्यांच्या 'सावकारी पाश'मध्ये उणीव काढायची, म्हणजे धाडसच! ते आज मी करणार आहे. मात्र टीका माझी नव्हे, माझ्या आजीची.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा मूकपट १९२५ सालचा. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. पडद्यावर देवादिकांचे चमत्कार चालत होते, त्या काळात बाबूरावांनी एक अंधारी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे दाखवले. ना थाटमाट, ना दागदागिने. पौराणिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली. जाणत्यांनी मात्र नावाजले.

लग्नानंतर मामाकडे आलेल्या माझ्या आजीने हा खेळ पाहिला होता. तिला वाचता येत नव्हते. पडद्यावरची अक्षरे मामा मोठ्याने वाचून दाखवीत होते. "त्या कुत्र्याचं रडणं मला ऐकू आलं बघ," असे ती म्हातारपणीही सांगे. मूकपटाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पण पुढे ती मान हलवी. आजोबा तेव्हा परळच्या एका गिरणीत लागले होते. गाळ्यात पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळवालीकडे. वर्षातून एकदा गावी, तेही रजा मिळाली तर. आजी म्हणे, "बाबा, सावकाराचा पाश दावला, ते ब्येस केलं. पर गिरणीत गेला म्हंजे सुटला व्हय त्यो? मनिऑर्डरीचा पाश कुनी दावायचा?"

चित्रपटाची उणीव तिने नेमकी हेरली होती. गिरणी ही तिथे सावकारीचा परिणाम म्हणून येते. आमच्या घराची कथा मात्र गिरणीच्या दारातच सुरू होत होती.

ही उणीव केवळ आपलीच नव्हे. २०१३ साली सिंगापूरच्या अँथनी चेन यांनी 'इलो इलो' हा बेताच्या खर्चातला चित्रपट काढला. त्यात परक्याचे मूल सांभाळणारी फिलिपिनी मोलकरीण आहे. चित्रपट हृद्य, कान महोत्सवात गौरवलेला. पण तिचे स्वतःचे तान्हे मूल असते दूर मायदेशी, टेलिफोनच्या पलीकडच्या टोकाला. कॅमेरा तिकडे जात नाही. पाहताना मला आजीचाच प्रश्न आठवला.

आजोबा कायमचे गावी परतले तेव्हा पहिले कित्येक दिवस ते सोप्यावर पाहुण्यासारखे बसत. पाणी मागायलाही संकोचत. आजी एकदा हळूच म्हणाली, "बसू दे. ओळख व्हायला येळ लागतोय."

आजीच्या पेटीत मनिऑर्डरींची कुपने सुतळीने बांधलेली सापडली. प्रत्येकावर तोच मजकूर : खुशाल आहे, काळजी नसावी. सबंध संसार एवढ्या चार शब्दांत! बाबूरावांच्या हाती ही चळत पडली असती, तर कोल्हापुरात आणखी एक चित्रपट निघाला असता, असे मला राहून राहून वाटते.